पान सतरा

लेफ्टनंट पिल्चरच्या वहीतली माणसे
पणजीत माझ्या टेबलावर येतात
एकेक, टिपकागदात गुंडाळून,
जशी इस्पितळात.
मी त्यांची बुरशी बघते, कसरीची भोके,
शाईने खाल्लेल्या कडा.

काबोच्या टेकडीवर पलटण बसली होती तेव्हा
ह्याला फारसे काम नव्हते.
फ्रेंच येणार, येणार म्हणत. आले नाहीत.
मग हा चितारत बसला.
माचिलीतून चर्चला निघालेली कोणी दोना,
पंख्याआड तिचे चार दात;
माडावर चढलेला रेंदेर, कमरेला काती;
आणि न्हावी, न्हाव्याच्या चिमटीत
पिल्चरचे स्वतःचे नाक
(ते मात्र प्रेमाने रंगवले आहे).

पान नऊ, पत्त्यांची रात्र.
तांबडे डगले, पोटावर तटतटलेल्या गुंड्या,
एकाचा टोप कानावर घसरलेला,
दुसऱ्याचे कोपर थेट सुपात.
हसू येते. दोनशे वर्षांचा विनोद, तरी येते.
उजव्या कडेला एक हात आहे,
काळसर, मनगटापर्यंतच,
पंख्याची दोरी ओढणारा.
बाकीचा माणूस कागदात मावला नाही.
मी कड ओलसर करून उलगडली,
दुमडीत असेल म्हणून.
नव्हता.

पान सतरा.
रायबंदरचा धक्का, पेन्सिलीत,
वरून पाण्याला निळ्याचा एक पातळ हात.
मासळीवाली बसलेली. पाटलीत तीन तांबोसे,
तिन्ही नीट, डोळ्यांसकट.
तिला स्वतःला चेहरे तीन:
एक डावीकडे, खोडलेला,
एक खाली वाकलेला,
एक सरळ माझ्याकडे, म्हणजे त्याच्याकडे,
आणि भुवया अशा
की मला ऐकूच येते,
कितें पळयता रे? घेवपाचें आसा तर घे.

खाली त्याच्या तिरक्या अक्षरात:
एक तांगा दिला. तरी हलली.

हलणारच.
गिऱ्हाईक असेल. माश्या तर असतीलच.
बेतीची होडी सुटत असेल आणि होडीत कोणी ओळखीचे,
नाहीतर काय,
इतका वेळ कोणी टक लावली
की बाईमाणूस पदर सारखा करतेच.
एका तांग्यात तांबोसा येतो, पिल्चरसाहेब,
थांबणे येत नाही.

भिंगाखाली, पानाच्या डाव्या कोपऱ्यात,
जिथे नुसते पाणी आहे,
काहीतरी चकाकले.
अभ्रक वाटले आधी.
सुईच्या टोकाने चाचपले तर
खवला.
खऱ्या माशाचा, नखाएवढा,
निळ्या रंगाखाली चिकटून बसलेला.

म्हणजे ती उठली होती.
आली होती जवळ, बघायला
गोऱ्याने काय चालवलेय ते.
ओले बोट टेकवून विचारले असेल, ही हांव?
काय उत्तर दिले त्याने, वहीत नाही.
वहीत एवढेच, की नंतर त्याने वरून निळे फिरवले.
दिसला नसेल खवला.
किंवा दिसला, आणि राहू दिला.
तसे असेल तर त्याचे ते नाक
मी जरा आणखी जपून साफ करीन.

अहवालात रकाना असतो:
परका पदार्थ. आढळल्यास काढावा.
काबोची पलटण, विलायतेचा कागद,
साहेबाचे निळे, रायबंदरचा मासा.
ह्यातले परके कोणते
ते ठरवता ठरवता जेवणाची सुट्टी झाली.
डबा उघडला. हात धुतलेले, तरी पुन्हा धुतले.

प्रदर्शन गुरुवारी.
कुंकळ्येकर सर दारातूनच विचारतात,
सतरा झाले का गं?
मी भिंगावरून डोळा काढत नाही.
नाही सर, म्हणते,
अजून हलतेय.